गॅमा किरण स्फोटांचा भूपृष्ठावरून शोध : ‘न सापडण्या’ची नोंद

४ ऑक्टोबर २०२४ रोजी लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘मेस’ दुर्बिणीचे उद्घाटन झाले. आरशाचा व्यास २१ मीटर, स्थान सुमारे ४,३०० मीटर उंचीवर. ‘आशियातील सर्वांत मोठी’ हे विशेषण वृत्तलेखनाने तत्परतेने उचलले. गॅमा किरण स्फोटांच्या संदर्भात मात्र हे विशेषण अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे.

गॅमा किरण जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. वातावरणात त्यांच्यापासून कणांचा वर्षाव निर्माण होतो व त्यातून सेकंदाच्या काही अब्जांश भागच टिकणारी निळसर चेरेंकोव्ह प्रभा उमटते. दुर्बीण टिपते ती हीच. स्फोट पूर्वसूचना देत नाही. उपग्रहाचा इशारा येताच दुर्बिणीला वळावे लागते. ला पाल्मा बेटावरील ‘मॅजिक’ दुर्बिणीचा सांगाडा याच हेतूने कार्बन तंतूंचा, हलका ठेवलेला आहे.

तथापि चपळाईनेही भागत नाही. १३ जुलै २००५ च्या स्फोटाकडे ‘मॅजिक’ अवघ्या ४० सेकंदांत वळली. हाती काहीच लागले नाही. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटाकडे ती सुमारे मिनिटभराने वळली, आणि स्पष्ट संकेत मिळाला. त्याआधी जुलै २०१८ मधील एका स्फोटाचा संकेत नामिबियातील ‘हेस’ दुर्बिणींना तब्बल दहा तासांनंतर गवसला होता. अंतराचा प्रश्न येथे निर्णायक ठरतो : दीर्घ प्रवासात आकाशगंगांच्या प्रकाशाशी टक्कर होऊन अतिउच्च ऊर्जेचे किरण वाटेतच नष्ट होतात.

मग २००५ चे निरीक्षण वाया गेले काय? मुळीच नाही. स्फोटातून आलेल्या अतिउच्च ऊर्जेच्या किरणांचा प्रवाह अमुक मर्यादेपेक्षा अधिक नव्हता, एवढे त्यातून निश्चित झाले. आमच्या हुपरीत चांदीचा कारागीर दागिन्याबरोबर घटीचाही हिशेब देतो. घट न सांगणाऱ्याच्या वजनावर कोणी विश्वास ठेवीत नाही. आपले मराठी विज्ञानलेखन बहुधा दागिनाच दाखविते. २०१९ च्या यशाचे कौतुक होते. त्यापूर्वीच्या रिकाम्या रात्रींची वर्षे एका वाक्यात आटोपतात.

‘मेस’विषयी म्हणूनच वेगळे प्रश्न विचारावयास हवेत. सुमारे १८० टनांची ही दुर्बीण इशाऱ्यानंतर किती सेकंदांत वळते? तिच्या संकेतहीन निरीक्षणांच्या कमाल मर्यादा किती नियमितपणे प्रसिद्ध होतात?