वैदिक स्वरांकनाच्या संज्ञा : युनिकोडमधील एक परिभाषादोष

संज्ञा वस्तूच्या व्यवच्छेदक लक्षणावर आधारलेली असावी, ही शास्त्रीय परिभाषेची पहिली अट होय. युनिकोड या संगणकीय संकेतप्रणालीने देवनागरीतील वैदिक स्वरांकनाच्या खुणांना दिलेली नावे या अटीस उतरत नाहीत.

या प्रणालीत ०९५१ या संकेतांकाच्या, अक्षरावरील उभ्या रेषेस ‘उदात्त’ आणि ०९५२ या संकेतांकाच्या, अक्षराखालील आडव्या रेषेस ‘अनुदात्त’ म्हटले आहे. दोन्ही नावांना आघातवाचक इंग्रजी शब्द जोडला आहे. पहिला दोष येथेच आहे. पाणिनीने या स्वरांची लक्षणे उच्च-नीच भेदावरून सांगितली आहेत; हा भेद बलाघाताचा नव्हे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ऋग्वेदसंहितेच्या प्रचलित लेखनात उदात्त अक्षरास खूणच नसते. आडवी रेषा अनुदात्ताची व उभी रेषा स्वरिताची असते. म्हणजे ‘उदात्त’ या नावाची खूण तेथे स्वरित दर्शविते. मैत्रायणी व काठक संहितांच्या लेखनपरंपरेत मात्र उभी रेषा उदात्ताचीच आहे. उलटपक्षी शतपथब्राह्मणात अक्षराखालील आडवी रेषा उदात्त दर्शविते. ‘अनुदात्त’ हे नाव तेथे अर्थाच्या नेमके विरुद्ध ठरते. खूण एकच, परंतु तिचा अर्थ ग्रंथपरत्वे बदलतो. अशा स्थितीत खुणेस ‘ऊर्ध्वरेषा’, ‘अधोरेषा’ अशी रूपावरून नावे देणे आणि अर्थनिर्णय त्या त्या परंपरेवर सोपविणे हेच युक्त होते.

यंत्र नाव वाचीत नाही, संकेतांक वाचते. शिवाय उभी रेषा मुख्यतः स्वरितासाठी वापरतात अशी टीप कोष्टकातच आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो अंशतः ग्राह्य आहे. तथापि नाव वाचतो तो अभ्यासक. केवळ नावावर विसंबून संहितेतील उदात्तांची गणना करणारा विद्यार्थी स्वरितांची गणना करून बसेल.

येथे कोशातील संज्ञा आणि संकेतप्रणालीतील संज्ञा यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. डॉ. रघुवीर यांचा इंग्रजी-हिंदी पारिभाषिक कोश १९५५ साली नागपुरातून प्रसिद्ध झाला. त्यातील काही शब्द रूढ झाले, काही मागे पडले. व्यवहाराने त्यांची पारख केली. युनिकोडमध्ये ही वाट बंद आहे. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून एकदा दिलेले नाव न बदलण्याचे धोरण तेथे स्वीकारलेले आहे. २००९ साली वैदिक खुणांचा स्वतंत्र विभाग जोडला गेला, तेव्हाही ही दोन नावे कायम राहिली. आणि नव्या नावांतही काही रूपावरून, तर काही अर्थावरून घेतली गेली.

मराठीत या संज्ञा आणताना म्हणूनच शब्दशः भाषांतर टाळावे. ‘स्वरचिन्ह’ हा शब्दही सदोष आहे, कारण मराठीत ‘स्वर’ म्हणजे अकारादी वर्णही होत. त्या शब्दाने काना-मात्रांचा बोध होण्याचा संभव आहे. ‘स्वरांकन-रेषा’ ही संज्ञा अधिक निःसंदिग्ध ठरेल. मूळ नाव बदलता येत नाही; परंतु ते मराठीत जसेच्या तसे घेण्याचे बंधन अभ्यासकावर नाही.