वाडग्याची पोकळी आणि छायाचित्र

बुलढाणा जिल्ह्यांत राहणाऱ्यास लोणारचें विवर निराळें सांगावें लागत नाहीं. सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा, काळ्या खडकांत घडलेला तो एक प्रचंड वाडगाच होय. भर दुपारीं काढलेल्या छायाचित्रांत त्याची खोली हरपते व तो हिरवट तबकासारखा भासतो. सूर्य कलल्यावर उतारावर सावली पसरते, तेव्हां कोठें ती खोली प्रत्ययास येते. हाच न्याय कातीव लाकडी वाडग्यांच्या छायाचित्रांसही लागू पडतो, असें आमचें मत आहे.

हल्लीं विक्रीसाठीं काढलेलीं पुष्कळ छायाचित्रें पाहून आमची निराशा होते. कॅमेरा वस्तूस भिडविल्यामुळें पुढचा कांठ फुगतो. समोरच्या झगझगीत उजेडानें आंतली सावली नाहींशी होते. सावंतवाडीचे कारागीर फिरत्या लाकडास लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें रंग चढतो, आणि केवड्याच्या पानानें त्यास झिलई येते. अशा पृष्ठावरून उजेड आरशाप्रमाणें परततो, आणि चित्रांत पांढरा डाग तेवढा उरतो. प्रकाश पातळ कापडांतून, एका बाजूनें येऊं द्यावा व कॅमेरा चार पावलें मागें न्यावा, म्हणजे पोकळी पोकळीसारखी दिसेल.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून गंभीर आहे. लाकूड वाळतांना वार्षिक वलयांच्या अनुरोधानें जितकें आकसतें, त्याच्या साधारण निम्मेंच वलयांस छेदणाऱ्या दिशेनें आकसतें. म्हणून ओल्या लाकडाचा कातलेला वाडगा वाळल्यावर किंचित् लंबगोल होतो. आम्हींच एकदां छायाचित्रावर भुलून सागाचा वाडगा मागविला, आणि तो पुरता गोल नाहीं म्हणून सदोष ठरवून परत धाडला! तिरप्या कोनांतून वर्तुळही लंबगोलच दिसतें. त्यामुळें त्याचा खरा आकार चित्रांत लपून गेला होता. माथ्यावरून घेतलेलें दुसरें एक साधें चित्र सोबत असतें, तर आमचा भ्रम टळता.

तेव्हां छायाचित्रकारानें दोन चित्रें द्यावींत: एक पोकळीचें, एक कांठाचें. सौंदर्याची वाढ करणें हें त्याचें काम नव्हे. कारागिरानें केलें तें दाखविणें, एवढेंच त्याचें काम. तो वाडगा निर्दोष होता. चित्रांनीं बिघडविलेली आमची दृष्टि सदोष होती, आणि तिचा भुर्दंड मात्र कातारी भरीत बसला.