तेलाचे नाव आणि वनातील माणूस : प्राणिसंग्रहालयांच्या प्रचारभाषेचे परीक्षण

प्राणिसंग्रहालय ही मूलतः दाखविणारी संस्था होय. पिंजऱ्यावरील पाटीत प्राण्याचे नाव, वसतिस्थान आणि आहार एवढे लिहिले की तिचे भाषिक कार्य संपत असे. गेल्या दीड दशकात मात्र ह्या संस्थेने प्रेक्षकास आज्ञा देण्यासही आरंभ केला आहे. वनातील ओरांगउटानच्या रक्षणार्थ पामतेलाविरुद्ध चालविलेला प्रचार हे त्याचे ठळक उदाहरण. ह्या प्रचाराचे बळ आणि त्याचे वैगुण्य ही दोन्ही त्याच्या भाषेत आहेत, आणि म्हणून त्याची तपासणी तेथूनच व्हावयास हवी.

२००९ साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या प्राणिसंग्रहालयांनी 'डोन्ट पाम अस ऑफ' ही मोहीम सुरू केली. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर 'वनस्पती तेल' असे मोघम न लिहिता पामतेलाचा स्पष्ट निर्देश व्हावा, ही तिची मागणी. घोषणेतील श्लेष उघड आहे : इंग्रजीत 'पाम ऑफ' करणे म्हणजे खोटा माल हातचलाखीने दुसऱ्याच्या माथी मारणे, आणि 'पाम' हा तर तेल देणारा वृक्षच. परंतु खरा प्रश्न श्लेषाचा नसून सर्वनामाचा आहे. 'अस' म्हणजे कोण? ग्राहक बोलत आहेत असे मानले, तर संबोध्य व्यक्ती उत्पादक ठरते, आणि पिंजऱ्यासमोर उभा असलेला प्रेक्षक फसविला गेलेला निरपराध मनुष्य होतो. ओरांगउटान बोलत आहे असे मानले, तर संबोध्य व्यक्ती तो प्रेक्षकच, आणि अपराधीही तोच. एकाच शब्दाच्या आडोशाला फिर्यादी व आरोपी दोघेही उभे आहेत. घोषणा लोकप्रिय का झाली, ह्याचे उत्तर बहुधा येथेच सापडते : दोष ऐकू येतो, पण तो आपल्याला लागला असे कोणास वाटत नाही.

इंग्रजी सर्वनामाला ही सवलत मिळते, कारण त्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद नाही. मराठीत तो आहे. विशेष म्हणजे, जेथे हे तेल पिकते तेथील मलाय भाषेतही तो आहे : श्रोत्याला वगळणारे 'कामी' आणि श्रोत्याला सामावून घेणारे 'किता'. ही घोषणा मलायमध्ये नेऊ पाहणाऱ्यास 'कामी' हेच रूप वापरावे लागेल, आणि ते वापरताच मळेवाला, मजूर व लहान शेतकरी हे सर्व 'आम्ही'च्या बाहेर पडतील. इंडोनेशियातील पामलागवडीचे सुमारे ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांच्या हाती आहे, हे लक्षात घेता हे बाहेर पडणे केवळ व्याकरणाचे राहत नाही.

ह्याच भाषेने प्राण्यालाही नाव दिले. 'ओरांग' म्हणजे माणूस, 'हुतान' म्हणजे वन. मराठीतील 'वनमानुष' हा समास त्याच घडणीचा. बोर्निओतील दायाक लोक मात्र ह्या प्राण्यास 'मियास' म्हणतात, अशी नोंद वॉलेसने १८६९ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. प्रचाराला 'मियास' उपयोगी नाही. त्याला 'वनातील माणूस' हवा, कारण त्या व्युत्पत्तीत करुणा आयती मिळते. पण 'ओरांग' हा शब्द 'ओरांग आस्ली' ह्या मलायातील आदिवासींच्या नावातही आहे. त्या दुसऱ्या 'ओरांग'चा ह्या व्युत्पत्तिप्रेमी वाङ्मयात सहसा उल्लेख नसतो. सतराव्या शतकातील डच वैद्य बोन्टियस ह्याने, जावातील लोकांच्या समजुतीप्रमाणे ह्या प्राण्यास बोलता येते, परंतु बोललो तर कामास जुंपले जाऊ म्हणून तो मुका राहतो, असे नमूद केले आहे. आज त्याच्या तोंडी घोषणा घालून त्याला अखेर कामास लावण्यात आले आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

प्रचाराचे दुसरे वैशिष्ट्य कारकविपर्यास हे होय. 'पामतेल ओरांगउटानचा जीव घेते' ह्या धर्तीच्या वाक्यात जे साधन तेच कर्ता होते. पाणिनीय परंपरेत स्वातंत्र्य हे कर्त्याचे लक्षण मानले आहे. तेलाला ते कोठून येणार? वन तोडणारा, अनुज्ञा देणारा, भांडवल पुरविणारा हे सर्व ह्या वाक्यरचनेत अध्याहृतही राहत नाहीत, लुप्तच होतात. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. २०१८ साली 'करंट बायॉलॉजी' ह्या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाप्रमाणे १९९९ ते २०१५ ह्या काळात बोर्निओतील ओरांगउटानांची संख्या सुमारे १,४८,५०० ने घटली. त्यांपैकी फार मोठा भाग साफ तोडलेल्या नव्हे, तर उभ्या असलेल्या वनांतून नाहीसा झाला, आणि तेथे हत्या हे एक प्रमुख कारण ठरते. २०१७ साली स्वतंत्र जाती म्हणून नोंदली गेलेली सुमात्रातील तापानुली जाती ८०० हूनही कमी उरली आहे, आणि तिच्यासंबंधी वाद माजला तो बातांग तोरू येथील जलविद्युत प्रकल्पावरून. शिवाय आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या २०१८ च्या अहवालानुसार पाम हे पीक तेलबियांखालील १० टक्क्यांहून कमी भूमीवर जगातील सुमारे ३५ टक्के वनस्पतिजन्य तेल देते. ते टाकून दुसरे तेल घ्यावे, तर कित्येक पट अधिक भूमी लागेल.

ह्या वस्तुस्थितीची जाण पुढे प्राणिसंग्रहालयांच्या भाषेतही उतरली. २०१८ मध्ये ब्रिटनमधील आइसलँड ह्या दुकानसाखळीने आपल्या स्वतःच्या नावाच्या खाद्यपदार्थांतून पामतेल वर्ज्य करण्याचे घोषित केले आणि ग्रीनपीसने केलेला ओरांगउटानचा चित्रपट जाहिरात म्हणून दाखवू पाहिला. राजकीय प्रचाराच्या नियमांमुळे दूरचित्रवाणीसाठी त्यास संमती मिळाली नाही. चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयाने मात्र बहिष्काराचा मार्ग घेतला नाही. त्याच्या प्रयत्नाने २०१९ साली चेस्टर हे 'शाश्वत पामतेलाचे' पहिले नगर म्हणून घोषित झाले. भूमिका अधिक विवेकी, पण भाषा निःसंशय दुबळी. 'टाळा' ह्या क्रियापदाची जागा 'शाश्वत' ह्या विशेषणाने घेतली, आणि ह्या विशेषणाची सत्यता २००४ साली स्थापन झालेल्या प्रमाणनसंस्थेच्या शिक्क्यावर अवलंबून आहे. प्रेक्षक शिक्का पाहतो. वन पाहत नाही.

घोषणांहून प्रामाणिक असे एक उदाहरण नोंदवावयास हवे. २००९ साली कॅडबरीने न्यूझीलंडमधील चॉकलेटात पामतेल घालताच ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने आपल्या आवारातील विक्रीतून त्या कंपनीचा माल काढून टाकला. लोकक्षोभ वाढला, आणि त्याच वर्षी कंपनीने निर्णय मागे घेतला. येथे सर्वनामाचा संभ्रम नाही : संस्थेने आधी स्वतःचे दुकान आवरले. ऑस्ट्रेलियातील मोहिमेला लाखाहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. वेष्टनावरील निर्देशासंबंधीचे विधेयक २०११ च्या जूनमध्ये सिनेटमध्ये संमतही झाले, पण प्रतिनिधिगृहात ते तरले नाही.

ती मागणी मान्य झाली असती तर काय घडले असते, ह्याचा अंदाज भारतातील वेष्टने पाहून करता येतो. येथे बिस्किटांच्या पुड्यावर 'खाद्य वनस्पती तेल (पामोलीन)' असे स्पष्ट छापलेले असते, आणि तरीही भारत हा पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे. मराठी वाचकाच्या मनात 'पामोलीन' ह्या शब्दाची व्यंजना वनाशी नाही, रेशनच्या रांगेशी जोडलेली आहे. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र शासनाने शंभर रुपयांत दिलेल्या 'आनंदाचा शिधा' ह्या संचात रवा, चणाडाळ व साखर ह्यांच्याबरोबर एक लिटर पामतेल होते, आणि पिशवी घरी नेणाऱ्या गृहिणीला त्या नावातून भावाखेरीज काही ऐकू येण्याचे कारण नव्हते.