बॉस्वेलची बैठक

गप्पा सर्वांनाच आवडतात, पण वाङ्मयाच्या पंगतीत त्यांना कुणी पाट मांडत नाही. कथा-कवितेला माजघर, गप्पांना ओसरी! दिवाळीत चिवडा-लाडवांच्या साक्षीने जो विषयांतराचा सुकाळ होतो, तो कागदावर उतरला तर त्याचे वाङ्मय होईल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर मला जेम्स बॉस्वेलने लिहिलेल्या डॉ. जॉन्सनच्या चरित्रात सापडते. १७९१ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ नावाने चरित्र; खरे पाहता तो गप्पांचा महाग्रंथ आहे.

१६ मे १७६३ रोजी लंडनमधील एका पुस्तकांच्या दुकानात दोघांची गाठ पडली. जॉन्सन ५३ वर्षांचा, बॉस्वेल अवघा २२. पुढच्याच वर्षी चित्रकार रेनॉल्ड्सच्या पुढाकाराने एक मित्रमंडळ निघाले. बर्क आणि गोल्डस्मिथ त्याचे पहिल्यापासूनचे सभासद. नट गॅरिक, इतिहासकार गिबन, अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथ मागाहून आले. अशा बैठकीत चित्रांवरून करांवर आणि करांवरून रंगभूमीवर उडी मारायला कितीसा वेळ लागणार!

करांचेच पाहा. १७५५ च्या शब्दकोशात जॉन्सनने अबकारी कराच्या व्याख्येत अशी आग ओकली की, ती अब्रुनुकसानी ठरते काय, असा सल्ला त्या खात्याने सरकारी वकिलाकडे मागितला. आणि हाच गृहस्थ १७७५ साली अमेरिकेतील वसाहतींवर कर बसवण्याचा पार्लमेंटचा हक्क उचलून धरणारी पुस्तिका लिहितो! बॉस्वेलला ते पटले नाही, आणि तसे त्याने ग्रंथात स्वच्छ नोंदवले. तो जॉन्सनचा भक्त खरा, पण मान डोलावणारा नव्हे.

जडवस्तूला मनाबाहेर अस्तित्वच नाही, ह्या बर्क्लीच्या मताचा विषय निघाला, तेव्हा जॉन्सनने समोरच्या मोठ्या दगडाला लाथ मारली आणि हेच माझे खंडन, असे बजावले. तर्काच्या कसोटीवर हे खंडन टिकत नाही. लाथेला झालेला स्पर्श हीसुद्धा संवेदनाच, असे बर्क्ली म्हणाला असता. आजचे पदार्थविज्ञान तर सांगते की, पायाला होणारा तो अटकाव मुळात अणूंमधील इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकाराचा आहे. तरीही तो प्रसंग विसरता येत नाही. कारण बॉस्वेलने नुसते मत टिपले नाही, तर मागे उसळलेला पायही टिपला. गप्पांचे वाङ्मय होते ते इथे!

मेकॉलेने १८३१ साली लिहिले की, बॉस्वेल मूर्ख होता म्हणूनच त्याच्या हातून थोर ग्रंथ घडला. हे विधान चटकदार आहे, पण मला ते साफ चुकीचे वाटते. विसाव्या शतकात आयर्लंडमधील मॅलहाइडच्या वाड्यात बॉस्वेलचे कागद सापडले. त्रोटक टिपणांवरून रोजनिशी, रोजनिशीवरून ग्रंथ, अशी त्याची चिकाटीची रीत त्यांतून दिसते. ऐकणे हीही एक कला आहे आणि ती मूर्खाला साधत नाही.

दोष आहेतच. जॉन्सन पुष्कळदा सत्यासाठी न बोलता जिंकण्यासाठी बोलतो. बिचाऱ्या गोल्डस्मिथचे हसे होते. जिच्या घरी जॉन्सन वर्षानुवर्षे राहत असे, त्या मिसेस थ्रेलशी बॉस्वेल न्यायाने वागत नाही. जॉन्सनच्या आठवणींचे तिचे पुस्तक १७८६ सालीच निघाले होते, आणि प्रतिस्पर्ध्याचा मत्सर त्याला लपवता आलेला नाही.

परंतु एका गोष्टीसाठी हा ग्रंथ मला मोलाचा वाटतो. जॉन्सन कट्टर टोरी, बर्क व्हिग. राजकारणात दोघांची तोंडे दोन दिशांना. तरी एकमेकांच्या बुद्धीचा आदर त्यांनी सोडला नाही. मतभेद झाला की माणूसच तोडायचा, ही रीत घराघरांत रूढ होत असताना हे वाचणे मला आवश्यक वाटते. ग्रंथ मोठा आहे. सलग वाचण्याचा हट्ट नको. कुठलेही पान उघडावे आणि बैठकीत सामील व्हावे. जागा आपली राखलेलीच आहे.