वर्णपट आणि वर्गनिर्णय

प्रत्येक मूलद्रव्याच्या प्रकाशरेषा ठराविक असतात, हे किर्चहॉफ व बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवून दिले. पुढे धातू, माती, अस्थी, ऊतक इत्यादी नमुन्यांची ओळख वर्णपटावरून पटविण्याची पद्धत रूढ झाली. परंतु तिच्याबरोबरच, यंत्राने भेद दाखविला की वर्ग ठरला, असा समजही बळावला. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार एका प्रसिद्ध वादाच्या आधारे करू.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्यास रथ, हत्ती, गेंडा व रेडा अशा चार भरीव धातुमूर्ती सापडल्या. एम. एन. देशपांडे, एस. आर. राव व एस. ए. साळी यांनी त्या उत्तर-हडप्पा काळातील मानल्या. डी. पी. अगरवाल यांनी मात्र मूलद्रव्यांच्या विश्लेषणावरून निराळे मत मांडले. मूर्तींत आर्सेनिक एक टक्क्याहून अधिक आहे. अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत अशी मिश्रणाची रीत आढळत नाही. सबब त्या ऐतिहासिक काळातील असाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दोन्ही मतांत हजाराहून अधिक वर्षांचे अंतर पडते.

यातील पहिले विधान मापनाचे आहे, दुसरे तुलनेचे; आणि निर्णयाचा सारा भार दुसऱ्यावर आहे. ही तुलनासामग्री मुळातच तुटपुंजी. वढू बुद्रुक ज्या शिरूर तालुक्यात मोडते, त्याच तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. तेथेही तांब्याच्या वस्तू मोजक्याच मिळाल्या. मोजक्या, लहान वस्तूंत जे आढळले नाही, ते त्या काळी नव्हतेच असे कसे म्हणावे? शिवाय आर्सेनिक मुद्दाम मिसळलेले असेल, तसे खनिजातूनही आलेले असू शकेल.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही अडचण परिचित आहे. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ हे आज्ञार्थी क्रियापद, यांतील दोन ‘ज’कारांचा भेद ध्वनीच्या वर्णपटात दिसतो. तथापि त्या भेदाने मराठीत अर्थ बदलतो, हे वर्णपट सांगत नाही. ते मराठी बोलणाराच सांगतो.

अगरवालांचे अनुमान खोटे ठरले, असा याचा अर्थ नव्हे; ते अपुऱ्या आधारावर उभे आहे, एवढेच. भेद दाखविणे हे यंत्राचे काम; कोणता भेद वर्ग पाडतो, हे ठरविण्याची जबाबदारी अभ्यासकाचीच होय.