द्विभाषिक वर्गाचा अध्यापक आणि त्याचे भाषाज्ञान

द्विभाषिक शिक्षणाविषयी गेल्या सत्तर वर्षांत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात विद्यार्थ्याला जेवढी जागा मिळाली तेवढी अध्यापकाला मिळालेली नाही. १९५३ मध्ये युनेस्कोने मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार करणारा अहवाल प्रसिद्ध केला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करून देण्याचे दायित्व राज्यांवर टाकले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने, शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे असे सांगितले; आणि जेथे घरची भाषा व माध्यम भिन्न आहेत तेथे अध्यापकाने द्विभाषिक पद्धतीचा अवलंब करावा, असेही सुचविले. या सर्व विचारामागे एक गृहीत वावरताना दिसते. ज्याला दोन भाषा येतात तो दोन भाषांतून शिकवू शकतो, हे ते गृहीत होय. हे गृहीत खरे असते तर महाराष्ट्रात अध्यापकांच्या प्रशिक्षणाचा प्रश्न कधीच सुटला असता, कारण येथे एकभाषिक अध्यापक शोधूनच काढावा लागेल.

अध्यापक शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ मध्ये बी.एड.चा जो दोन वर्षांचा आराखडा सिद्ध केला, त्यात सर्व विषयांच्या अध्यापनात भाषेचे कार्य काय, या आशयाचा एक अभ्यासघटक समाविष्ट झाला. भाषा हा केवळ भाषाशिक्षकाचा विषय नव्हे, गणिताचा आणि विज्ञानाचा शिक्षकही प्रत्येक तासाला भाषाच शिकवीत असतो, ही जाणीव त्यामागे आहे आणि ती स्वागतार्हच आहे. पण या घटकाला आराखड्यात स्थान मिळाले ते अर्ध्या अभ्यासक्रमाचे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे एम.एड. येथे शिकणारा विद्यार्थी उद्या अध्यापकांचा अध्यापक होणार असतो, म्हणून त्याच्या तयारीतील उणीव ही एका व्यक्तीची उणीव राहत नाही. या विद्यार्थ्याला पील व लॅम्बर्ट यांचे माँट्रियल येथील १९६२ चे संशोधन परिचित असते. नित्याच्या संभाषणाची भाषा आणि अध्ययनाची भाषा यांत जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये केलेला भेद तो सविस्तर मांडू शकतो. हे सिद्धांत मोलाचे आहेत यात शंका नाही. मात्र त्यांतील पील व लॅम्बर्ट यांचे संशोधन ज्या भाषांच्या जोडीवर उभे राहिले ती जोडी इंग्रजी व फ्रेंच यांची आहे. आणि ज्या जोडीतून त्याला स्वतःला शिकवावयाचे आहे, त्या जोडीचे त्याला बसल्या जागी चार ओळींचे वर्णन करता येईलच असे नाही.

याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २०१९ मध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दोन अंकी संख्या ‘वीस तीन’, ‘पन्नास दोन’ अशा रीतीने वाचण्याची पद्धती सुचविण्यात आली, आणि तिच्यावरून जो वाद उसळला तो विधिमंडळापर्यंत गेला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी या बदलामागील भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. वादाचा बराच भाग मराठीची अस्मिता आणि विनोद यांतच खर्ची पडला. प्रश्न मात्र शुद्ध भाषावैज्ञानिक होता. मराठीत एकवीसपासून पुढे एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते, लिहिताना मात्र दशक आधी येते. ‘पंचेचाळीस’ म्हणताना कानावर पहिल्याने पाच पडतात. मूल ५४ लिहिते, ते कानाशी प्रामाणिक राहून. त्यात दशकाचे रूपही स्थिर नाही. ‘पन्नास’ हा शब्द ‘बावन्न’मध्ये ‘वन्न’ होतो, तर ‘त्रेपन्न’मध्ये ‘पन्न’. भरीस भर म्हणजे ‘एकोणतीस’, ‘एकोणचाळीस’ या संख्या वजाबाकीने सिद्ध होतात. ही रीत ‘एकोणनव्वद’पर्यंत चालते आणि ‘नव्याण्णव’पाशी एकाएकी सोडून दिली जाते. इंग्रजीत विसाच्या पुढे दशक आधी येते, पण ‘थर्टीन’ ते ‘नाइन्टीन’ या टप्प्यात इंग्रजीही मराठीसारखीच उलटी चालते, ही गोष्ट इंग्रजीच्या सोपेपणाचे गोडवे गाणारे सहसा विसरतात. कन्नड भाषेचा क्रम इंग्रजीसारखा आहे: ‘नलवत्तैदु’ म्हणजे चाळीस-पाच. त्यामुळे जत किंवा अक्कलकोट तालुक्यातील कानडी घरातल्या मुलाला ‘फॉर्टी फाइव्ह’ जवळचे आणि ‘पंचेचाळीस’ परके वाटले, तर त्यात नवल नाही.

आता सेमी-इंग्रजी वर्गाचा विचार करावा. तेथे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते, आणि स्पष्टीकरण बहुधा मराठीतून होते. ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ या वाक्यात पाच आधी येतात. ‘बारामधून पाच वजा करा’ या वाक्यात बारा. मराठी मुलाला पहिल्याने ऐकलेल्या संख्येतून दुसरी वजा करण्याची सवय असते, आणि तो इंग्रजी वाक्याची मांडणी पाच वजा बारा अशी करून बसतो. अपूर्णांकांची कथा याहून मनोरंजक आहे. ‘पाऊण’, ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ ही मराठीची संपत्ती बाजारात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वर्गात ‘तीन छेद चार’ येते आणि इंग्रजीत ‘थ्री फोर्थ्स’. एकाच राशीची ही तीन नावे मुलापुढे एका आठवड्यात येऊन पडतात. त्यांतील संबंध जाणणारा अध्यापक भाजीच्या दुकानातील पाऊण किलोवरून छेदापर्यंत सहज जाईल. न जाणणारा अध्यापक मुलाला बेसावध, कच्चा किंवा मंद ठरवील, आणि प्रगतिपुस्तकात तसा शेरा पडेल. सैद्धांतिक वाटणारा हा प्रश्न ज्याच्या अंगावर येऊन पडतो तो सात वर्षांचा असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षणीय नाही. दोन भाषांच्या रचना समोरासमोर ठेवून विद्यार्थ्याच्या चुका आधीच सांगता येतील, असा विश्वास रॉबर्ट लाडो यांच्या १९५७ च्या ग्रंथाने निर्माण केला होता. तो टिकला नाही. विद्यार्थ्याच्या चुका या त्याच्या घडत चाललेल्या व्याकरणाच्या खुणा आहेत, हे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये दाखवून दिल्यावर व्यतिरेकी व्याकरणाची प्रतिष्ठा उतरणीला लागली. मग तीच जुनी वस्तू पुन्हा प्रशिक्षणात कशासाठी आणावयाची? याचे उत्तर असे की, भाकीत करण्याचे साधन म्हणून व्यतिरेकी व्याकरण फसले, तरी झालेल्या चुकीचा उलगडा करण्याचे साधन म्हणून ते फसलेले नाही. वैद्याला रोग कोणाला होईल हे सांगता आले नाही म्हणून शरीररचनेचे ज्ञान निरुपयोगी ठरत नाही. शिवाय कॉर्डर यांचे म्हणणे स्वीकारावयाचे तर मुलाचे ‘घडत चाललेले व्याकरण’ ओळखण्यासाठी त्याची पहिली भाषा अधिकच जाणली पाहिजे.

मेळघाटातील कोरकू मुलांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिच्यात नामांचा मुख्य भेद सचेतन व अचेतन असा आहे. मराठीप्रमाणे पुस्तकाला नपुंसक, वहीला स्त्री आणि फळ्याला पुरुष मानण्याची रीत तेथे नाही. तिच्यात द्विवचन आहे. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय, त्यांतूनच भाषेचे व लोकांचे नाव आले. असे मूल मराठीत लिंगाची चूक करते तेव्हा ते मराठी निष्काळजीपणे बोलत नसते. उलट एक ठिकाण असे आहे की जेथे मराठी व कोरकू एकत्र येतात आणि इंग्रजी बाहेर राहते. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’ हा भेद दोन्ही भाषांत आहे. मराठी अध्यापकाच्या हाती आयता आलेला हा पूल आहे, आणि तो त्याला कोणी दाखविलेला नसतो. ज्या थोड्या अध्यापकांना कोरकू घरातून येते, त्यांनाही आपले हे ज्ञान वर्गाच्या कामाचे आहे असे प्रशिक्षणात सहसा सांगितले जात नाही.

दोन भाषा वेगळ्या कप्प्यांत स्वच्छ ठेवाव्यात, हा प्रशिक्षणातील दुसरा संस्कार. गंपर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाडविषयी जे लिहिले, ते या संस्काराला छेद देते. मराठी, कन्नड व उर्दू यांच्या तेथील बोली शतकांच्या सहवासाने अशा जवळ आल्या होत्या की वाक्याची रचना तीच ठेवून शब्दामागून शब्द बदलीत एका भाषेतून दुसरीत जाता यावे. शब्द मात्र प्रत्येकीने आपापले राखले. अशा गावच्या मुलाचे बोलणे प्रमाणभाषेच्या फूटपट्टीने मोजले तर ते तिन्ही भाषांत नापास होईल. हा निबंध भाषाविज्ञानाच्या वर्गात आदराने वाचला जातो. शिक्षणशास्त्राच्या वर्गात तो पोचत नाही, कारण हे दोन विभाग एकाच विद्यापीठात असूनही त्यांच्यामधला व्हरांडा क्वचितच ओलांडला जातो. पन्नासच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची जी सत्रे भरली, तशा उपक्रमांत हे अंतर कमी होण्याची शक्यता होती. पुढे दोन्ही शास्त्रे आपापल्या पदव्यांत बंदिस्त झाली.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात आणखी एक सैद्धांतिक पत्रिका वाढविल्याने हे साधणार नाही. पत्रिका वाढल्या की टिपणे वाढतात. प्रबंधिकेच्या जागी, निदान तिच्या जोडीला, प्रत्येक विद्यार्थ्याने एका मुलाचे तासभराचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते जसेच्या तसे उतरून काढावे, त्यातील प्रमाणेतर रूपांची पहिल्या भाषेच्या आधाराने उपपत्ती लावावी, आणि तिच्यावर आधारलेला एक पाठ त्याच शाळेत घेऊन दाखवावा. परीक्षक दोन असावेत, एक शिक्षणशास्त्राचा आणि एक भाषाविज्ञानाचा. आणखी एक अट घालता येईल. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय केंद्रात सेवेतील शिक्षकांना दुसरी भारतीय भाषा दहा महिन्यांत शिकविण्याची व्यवस्था निर्माण झाली. तेथे चाळिशीतला अनुभवी शिक्षक पुन्हा पहिलीच्या बाकावर बसतो, ‘एकोणसत्तर’ला अडखळतो, आणि वर्ग हसतो. एम.एड.च्या विद्यार्थ्यालाही आपल्या जिल्ह्यातील एक अपरिचित भाषा एक सत्रभर अशीच शिकावयास लावावी, आणि तिची परीक्षा तोंडी घ्यावी.