परदेशाने काय दिले? : व्ही. शांताराम यांच्या कलाघडणीचा एक विचार

परदेशी जाऊन आलेल्या माणसाविषयी आपल्या धर्मग्रामांत अजूनही मोठे कौतुक असते. मुलगा आखातात लागला, मुलगी परिचारिका म्हणून परदेशी गेली, की घराचे भाग्य उजळले असे आपण म्हणतो. त्याआधी त्यांनी गावात केलेल्या लहानसहान नोकऱ्यांचा उल्लेख मात्र संकोचाने टाळतो. माणसाची खरी वाढ परदेशात पाऊल ठेवल्यावरच सुरू होते, असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे, हे पडताळून पाहायचे तर कोल्हापूरच्याच एका कलावंताचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. ते म्हणजे व्ही. शांताराम.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापुरात झाला. शिक्षण बेताचेच झाले. हुबळीच्या रेल्वे कारखान्यातील काम, तेथल्याच पत्र्याच्या चित्रपटगृहातील किरकोळ चाकरी आणि काही काळ गंधर्व नाटक मंडळी, अशी त्यांच्या उमेदवारीची वाट होती. १९२० मध्ये ते कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दाखल झाले. तेथे पडेल ते काम त्यांनी केले. चित्रीकरण, रसायनशाळा, संकलन, अभिनय यांतले काहीही त्यांना परके राहिले नाही. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकाराने नागवलेल्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यांनीच केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली, तेव्हा त्यांच्यापाशी पदवी नव्हती. होती ती नऊ वर्षांच्या हातकामाची पुंजी.

१९३३ मध्ये ते जर्मनीला गेले ते याच पुंजीनिशी. ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करायचा होता आणि त्याच्या प्रती तेथे तयार व्हायच्या होत्या. हेतूच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रवास फसला. रंग भडक व विसंगत उतरले आणि आपल्याकडील रंगीत चित्रपटाचा तो धाडसी प्रयत्न अपयशी ठरला. परंतु जर्मन चित्रपटांतील छायाप्रकाशाचे नाट्य, कॅमेऱ्याचे अनपेक्षित कोन, चेहऱ्याला येणारे महत्त्व, हे सारे त्यांच्या पुढील कामात उतरले. आणायला गेले ते रंग आणि आणली ती सावली, असेच म्हणावे लागेल.

मात्र ही आणलेली वस्तू लगेच आपली झाली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी ‘प्रभात’ पुण्यास हलली आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ आला. पशुबळीला बंदी घालणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू यांची ती कथा. राजगुरूच्या डोळ्याचे पडदाभर दिसणारे दृश्य आजही अभ्यासकांच्या चर्चेत येते. तथापि त्या दृश्यात तंत्र स्वतःकडेच लक्ष वेधून घेते. प्रेक्षक दिपून जातो, हेलावतोच असे नाही. नुकत्याच परदेशाहून आलेल्या माणसाच्या बोलण्यात तिकडचे शब्द वारंवार यावेत, तसा हा प्रकार आहे.

खरी पचनक्रिया दिसते ती १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये. वृद्ध वराशी फसवून लावून दिलेल्या नीराची ही कहाणी सांगताना शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले आणि घरातल्या, रस्त्यावरच्या साध्या आवाजांवर भिस्त ठेवली. शांता आपटे यांच्या मुखी लाँगफेलोची इंग्रजी कविताही आहे. पण ती उसनी वाटत नाही, कारण नीराच्या बंडखोरीला तिचा आधार होतो. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘सावकारी पाश’, ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’ या तिन्ही चित्रपटांचे मूळ नारायण हरि आपटे यांच्या लेखनात आहे. कसब कोल्हापूरचे, दृष्टी जर्मनीत रुंदावलेली, पण कथा मात्र घरचीच. पुढे १९३९ च्या ‘माणूस’मध्ये पोलीस शिपाई आणि वेश्या यांच्या नात्याकडे ज्या करुणेने पाहिले आहे, तीही याच मातीतली. त्यातील शिपायाची भूमिका नगरच्या ख्रिस्ती घराण्यातील शाहू मोडक यांनी केली, हे आपल्या वाचकांना आवर्जून सांगावेसे वाटते.

शांतारामांची रंगांची ओढ पुढेही सुटली नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आणि ‘नवरंग’ (१९५९) यांत डोळ्यांना मेजवानी आहे. पण झगमगाटाखाली माणसे दबून जातात, हा आक्षेप घ्यावाच लागतो. या दोहोंच्या मधोमध, १९५७ मध्ये, त्यांनी रंग बाजूला ठेवून ‘दो आँखें बारह हाथ’ हा कृष्णधवल चित्रपट काढला. ग. दि. माडगूळकरांच्या या कथेला औंध संस्थानातील खुल्या तुरुंगाच्या प्रयोगाची पार्श्वभूमी होती. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या जेलरची ही कथा १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गौरवली गेली. परीक्षकांच्या रौप्य अस्वलाबरोबरच आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही तिला मिळाले. ज्या जर्मनीत पंचवीस वर्षांपूर्वी रंग फसले, तेथेच ही रंगहीन, कष्टाच्या हातांची कथा मान्यता पावली. कैद्यांना सुधारणारे साधन या चित्रपटात शेतातले श्रम हेच आहे. ते दाखवणाऱ्या दिग्दर्शकाने स्वतः कारखान्यात आणि रसायनशाळेत हात काळे केले होते, हा योगायोग मानता येत नाही.

परदेशप्रवास व्यर्थ आहे, असा याचा अर्थ नाही. जर्मनी पाहिली नसती, तर शांतारामांची दृष्टी कदाचित नाटकी पडद्यांतच अडकून राहिली असती. परंतु प्रवासाने त्यांना जे दिले, ते घेण्याची पात्रता आधीच्या हलक्या मानल्या गेलेल्या कामांनी तयार केली होती, आणि घेतलेले पचायला पुढे चार वर्षे लागली. आपल्या मुलांना दूरदेशी धाडताना आईवडिलांनी या दोन्ही गोष्टींचा विचार करावा. दुकानातल्या, गॅरेजमधल्या, छापखान्यातल्या पहिल्या नोकरीबद्दल त्यांना लाज वाटू देऊ नये. आणि परतल्यावर त्यांनी काय आणले, याचा हिशेब पहिल्याच सुट्टीत मागू नये.